ड्यूकचा उन्हाळा

एप्रिल अर्धा सरला की आमच्या दोन खोल्यांतली सगळ्यांत गार जागा कुठली, हे मला एका कुत्र्यानं दाखवलं. मोरीत नळाच्या बरोबर खाली एक काळा दगड आहे. बाजूची फरशी मागाहून बसवलेली, पण हा दगड चाळीइतकाच जुना असावा. मधोमध झिजून तो थोडा खोलगट झाला आहे आणि त्या खोलगटात पाणी कायम असतं. बाहेर गॅलरीचा कठडा हात लावू देत नाही, गच्चीवर बायकांचे पापड तासाभरात कडक होतात, तेव्हाही हा दगड गार असतो. मी आंघोळीला बसते तेव्हा त्यावर पाय ठेवत नाही. बादली थोडी उजवीकडे ओढून घेते. आईच्या हे लक्षात आलेलं आहे. 

आज दुपारी दादरच्या काकांचं कार्ड आलं. काका म्हणजे अप्पांचे, माझ्या वडिलांचे, धाकटे भाऊ. नव्या ब्लॉकमध्ये राहायला गेल्यापासून त्यांना ब्लॉकला शोभेल असं सगळं हवं असतं. कार्डावर लिहिलं होतं, ‘चि. नलूस अनेक आशीर्वाद. बुलडॉगचे एक पिल्लू मिळण्यासारखे आहे. तुमच्याकडे होता. पाळण्यापूर्वी काय काय ठाऊक असावे लागते, ते सविस्तर कळवावे. तुझे इंग्रजी वाचन आहे, तुला माहिती असणार.’

माहिती आहे. मला सगळी माहिती आहे. चार वर्षांपूर्वीही होती.

खाली वाडीत शिड्या लागल्या आहेत. येत्या एक तारखेला नवं राज्य होणार, मुंबईसकट. बंडूदादा सकाळपासून दिव्यांच्या माळा लावतो आहे. वाडीच्या तोंडाशी एक छापखाना आहे, तिथं तो छपाईच्या अक्षरांचे खिळे जुळवतो. ह्या राज्यासाठी झालेल्या चळवळीची सगळी पत्रकं त्याच्या हातून गेली. आता त्याच्या कानशिलांवर थोडे पांढरे केस दिसतात. शिडीवरून तो ओरडतो, “अरे, डावीकडची वर घे, डावीकडची!” आणि मला त्याचा दुसरा एक आवाज ऐकू येतो. भर उन्हातला.

*

त्या वर्षी मार्चमध्ये मी मॅट्रिकचा शेवटचा पेपर दिला आणि घरी बसले. निकाल जूनमध्ये. मधले दिवस रिकामे होते आणि शहर भरलेलं होतं. भिंतींवर घोषणा, चौकाचौकांत सभा, मुलांच्या खेळांतसुद्धा मोर्चे. मी गॅलरीत उभी राहून बघायची. खाली उतरायची नाही. माझी शाळा नन्सची. तिथं मराठी बोललं की दंड म्हणून वर्गाबाहेर उभं करत. घरी मराठी बोलताना मी आधी मनात वाक्य तयार करायची आणि ते तयार होईपर्यंत बोलणं पुढं गेलेलं असायचं. वाडीतली मुलं मला ‘मड्डम’ म्हणत. बंडूदादानंच ते नाव पाडलं होतं. एरवी ते गमतीचं वाटलं असतं. त्या वर्षी ते गमतीचं नव्हतं.

कारण त्या हिवाळ्यात पोलिसांच्या गोळ्या चालल्या होत्या. नऊ नंबरच्या खोलीतला वसंता दूध आणायला खाली उतरला, तो परत आला नाही. दुधाचं भांडं दोन दिवसांनी कुणीतरी आणून दिलं. त्याच्या आईनं ते घासलं आणि खिडकीत पालथं घातलं. ते अजून तिथंच आहे.

अप्पा फोर्टातल्या एका इंग्रज कंपनीत हेडक्लार्क. वाडी त्यांच्याशी नीट वागे, पण ते जिना चढू लागले की गप्पांचा आवाज खाली येई. हरताळाच्या दिवशी ट्राम बंद होत्या, तेव्हा ते चालत ऑफिसला गेले होते, हे लोकांनी लक्षात ठेवलं होतं. वसंता गेला तेव्हा ते सगळ्यांबरोबर सोनापूरच्या स्मशानात गेले. परत येताना मात्र लोक घोळक्यानं आले आणि अप्पा दहा पावलं मागून, एकटे. मी गॅलरीतून पाहिलं. मला सगळं गॅलरीतूनच दिसायचं.

अशा दिवसांत, एप्रिलच्या सुरुवातीला, अप्पांनी साहेबाचा कुत्रा विकत घेतला.

साहेब कायमचे विलायतेला निघाले होते. त्यांच्या बंगल्यातलं सामान ऑफिसातल्या लोकांनी घेतलं, कुणी कपाट, कुणी गालिचा, कुणी काचेची भांडी. अप्पांनी बुलडॉग मागितला. आईनं कपाळाला हात लावला.

“अहो, माणसं कपाटं घेतात. तुम्हाला हेच सुचलं?”

“तो माझ्या बुटावर येऊन बसतो,” अप्पा म्हणाले. “साहेबाच्या खोलीत गेलो की येतो आणि बसतो. साहेबाच्या नाही बसत. माझ्याच.”

माझे वडील हे एवढं साधं बोलू शकतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या बुटांजवळ आपणहून कुणी येऊन बसावं, याचं त्यांना केवढं अप्रूप होतं.

कुत्र्याचं नाव ड्यूक. वाडीनं पहिल्याच संध्याकाळी त्याचं डुकरू केलं, आणि दिसायलाही तो तसाच होता. पुढून छाती मोठी, मागून अरुंद, पाय बाकदार, खालचा जबडा बाहेर आलेला आणि सगळ्या तोंडावर घड्या. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, आता फाडून खाणार. जवळ आला की कळे, त्याला श्वास घ्यायलाच इतकं काम पडतं की रागवायला वेळ नाही. झोपला की असा घोरायचा की पलीकडच्या खोलीतून विचारणा व्हायची, “अप्पा आज लवकर झोपले वाटतं?”

त्याच्याबरोबर एक कागद आला होता. निळसर, दोन्ही बाजूंनी मेमसाहेबांच्या तिरक्या अक्षरात लिहिलेला. अप्पांना ऑफिसचं इंग्रजी उत्तम येई. बायकांच्या घरगुती पत्रातलं अडायचं.

“वाच नलू, मोठ्यानं. मराठीत सांग, आईलाही कळू दे.”

दारात चार शेजारी उभे होते. अख्ख्या आयुष्यात इतक्या लोकांसमोर मी कधी वाचलं नव्हतं.

“तोंडाच्या घड्या रोज ओल्या फडक्यानं पुसाव्या आणि मग कोरड्या कराव्या. नाही तर आत चिघळतं.”

“देवांच्या आधी की नंतर?” आईनं विचारलं. दारातले हसले.

“जेवण दोन वेळा, मोजकं. कितीही मागितलं तरी जास्त देऊ नये. वजन वाढलं की गुडघे जातात.”

“हे तुमच्यासाठीपण आहे हो,” आई अप्पांना म्हणाली.

“जिने चढायला लावू नये.”

“तिसरा मजला आहे म्हणावं.”

“पाण्यात सोडू नये. ह्याला पोहता येत नाही, हा बुडतो.”

पुढच्या ओळीत कुठलं मांस द्यावं ते लिहिलं होतं. मी म्हटलं, “सूप.” आई समाधानानं मान हलवून बोंबलाच्या कालवणाचा विचार करू लागली.

मग ती ओळ आली. इंग्रजीत ती अशी होती की तिचं मराठी करायला मनात वाक्य जुळवावं लागलंच नसतं. ‘एप्रिल-मेमध्ये सूर्य वर आल्यावर ह्याला बाहेर नेऊ नका. हा ह्या हवेतला प्राणी नाही, ह्याला घाम येत नाही आणि पुरेसा श्वास घेता येत नाही. उन्हात हा मरू शकतो. तो स्वतः थांबायचा प्रयत्न करील, पण हाक मारली की कशाही अवस्थेत येईल. म्हणून हाक मारू नका.’

मी वर पाहिलं. अप्पा ड्यूकच्या डोक्यावर हात ठेवून बसले होते आणि दारातल्या लोकांकडे बघून हसत होते. लोकही हसत होते. वसंता गेल्यापासून आमच्या दारात कुणी असं रेंगाळलं नव्हतं. मला वाटलं, हा प्राणी गिरगावात जगायचा नाही, हे आता ह्या माणसाला कसं सांगू? तेही मेमसाहेबांच्या कागदातून, सगळ्यांसमोर? नंतर सांगू. एकट्यांना सांगू.

मी कागदाची घडी केली. म्हटलं, “एवढंच आहे.”

*

काकांना काय लिहू? बुलडॉग घेण्याआधी काय ठाऊक असावं? तो पाळणाऱ्याच्या घराला शोभत नाही, पाळणाऱ्याला स्वतःचं घर त्याला शोभेलसं करावं लागतं, हे? की तो भित्रा नसतो, आळशी नसतो, फक्त त्याला हवा पुरत नसते? लोकांना तो दमला की गंमत वाटते. जीभ बाहेर, डोळे मोठे, तोंडाचा आ. हसल्यासारखा दिसतो.

त्या दिवसांत अप्पा सकाळी त्याला कडेवर घेऊन तीन जिने उतरायचे. ऑफिसचा कोट, हातात साखळी आणि खांद्यावरून ते भलंमोठं तोंड. “अप्पा, नातवाला फिरवायला काढलं का?” खालून कुणीतरी विचारायचं. “हो, बाप कामावर गेलाय,” अप्पा म्हणायचे. अप्पा आणि विनोद! पंधरा दिवसांत वाडीनं माझ्या वडिलांशी जेवढं बोलून घेतलं तेवढं पंधरा वर्षांत बोलली नव्हती. पोरं कुत्र्याला हात लावायला वर येत, त्यांच्या मागून त्यांच्या आया येत, आया आल्या की आई चहा टाकी. खोलीत आंब्याच्या अढीचा वास, ओल्या कुत्र्याचा वास आणि माणसं.

ऊन वाढत गेलं. ड्यूकनं एक दिवस मोरी शोधून काढली. त्या काळ्या दगडावर पोट टेकून, चारी पाय फाकून तो पडून राही. आंघोळीला जायचं तर त्याला ओढून काढावं लागे. आई म्हणायची, “सोवळ्याचं पाणी भरायचं कुठनं गो? हा बघ महाराज बसलेत.” पण दुपारी तिनं त्याच्या पाठीवर तांब्याभर पाणी ओतलेलं मी पाहिलं आहे.

मीही माझ्या परीनं करत होते. वाडीच्या तोंडाशी उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं. तिथून पेल्यात बर्फाचा तुकडा आणायचा, पंच्यात गुंडाळायचा आणि त्याच्या गळ्याखाली धरायचा. तो डोळे मिटून घ्यायचा. हे मी चोरून करायची. आता विचार करते तेव्हा हेच सगळ्यांत जास्त बोचतं. मी विसरले नव्हते. मला रोज आठवत होतं. एक वाक्य बोलायचं टाळण्यासाठी मी रोज भर उन्हात बर्फ आणत होते.

*

महिनाअखेरीच्या शनिवारी संध्याकाळी बंडूदादा वर आला. एरवी तो उंबऱ्यापाशी उभा राहून पत्रक देऊन जायचा. त्या दिवशी आत येऊन बसला.

“अप्पा, एक मागायला आलोय. नाही म्हणू नका.”

“बोल की.”

“उद्या मोर्चा आहे. गिरगावातनं परळपर्यंत, तिथं गिरणी कामगार आपल्याला मिळणार. प्रत्येक वाडी काही ना काही सोंग काढतेय. पलीकडच्यांनी गाढव ठरवलंय. म्हटलं, गाढव कुठंही मिळतं. आपल्याकडे तर खुद्द साहेबाच्या घरचा आहे. डोक्यावर पांढरी टोपी, अंगात काळा कोट, गळ्यात पाटी, ‘मी मुंबई सोडणार नाही.’ लोक हसून हसून मरतील.”

अप्पा हसले.

“आणि तुम्हीपण चला, अप्पा. पुढं. माझ्याबरोबर.”

मी अप्पांचा चेहरा पाहिला. बंडूदादा कुत्रा मागत होता खरा, पण अप्पांना फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं होतं.

“ऊन केवढं पडतंय रे,” आई म्हणाली.

“काकी, आठला निघायचं, दहाच्या आत परळ. उन्हं चढायच्या आत.” मग त्यानं पिशवीतून एक लहानसा काळा कोट काढला. दोन पायांना दोन बाह्या, पुढं गुंड्या. “वसंताच्या आईनं शिवलाय. वसंताची छत्री होती ना, तिच्या कापडाचा. म्हणाल्या, त्याचं काहीतरी मोर्चात असू दे.”

 कोटाची शिलाई इतकी सारखी होती. गुंड्या वसंताच्या शर्टाच्या होत्या की काय, कोण जाणे.

“काय मड्डम? तुमची काही हरकत?” बंडूदादानं विचारलं. त्यात टोमणा नव्हता. तो खरंच विचारत होता. सगळे माझ्याकडे बघत होते, अप्पासुद्धा.

मनात वाक्य जुळत होतं. मेमसाहेबांनी लिहिलंय की. त्या वर्षी, त्या खोलीत, त्या कोटासमोर, ‘मेमसाहेबांनी लिहिलंय’ अशी सुरुवात असलेलं वाक्य मी कसं बोलणार होते? मेमसाहेबांना वगळून तेच सांगता आलं असतं, हे मला त्यानंतर कितीतरी दिवसांनी सुचलं. मी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे मलाही ठाऊक नाही. बंडूदादानं होकार धरला.

*

मोर्चा आठला निघाला नाही. मोर्चे कधीच वेळेवर निघत नाहीत. ह्या वाडीची माणसं आली की त्या वाडीची यायची असतात, झेंडे येतात तर काठ्या राहतात. निघायला साडेअकरा झाले.

मला बरोबर जावं लागलं, कारण ड्यूकला फक्त इंग्रजी कळत होतं. सिट, कम, स्टे. अप्पा म्हणाले, “नलू, साखळी तू धर. तुझंच ऐकतो.” आयुष्यात पहिल्यांदा मी मोर्चात उतरले ती अशी. मराठीसाठी निघालेल्या हजार माणसांत, एका कुत्र्याशी हळू आवाजात इंग्रजी बोलायला.

लोक खरंच हसले. दोन्ही बाजूंच्या गॅलऱ्यांतून बायका वाकून बघत होत्या. “अरे, साहेब आला, साहेब!” “टोपी बघ, टोपी!” अप्पा पुढं होते, बंडूदादाच्या खांद्याला खांदा लावून. त्यांच्या गळ्यात कुणीतरी झेंडूचा हार घातला होता. ते घोषणा देत होते. मला वडिलांचा तो आवाज माहीत नव्हता. तो चांगला होता, भरदार.

लॅमिंग्टन रोडपाशी ड्यूकची जीभ लांब झाली. डांबर मऊ पडलं होतं, चपला चिकटत होत्या. मी बाटलीतलं पाणी त्याच्या तोंडावर ओतलं, ते तो प्यायला नाही. लोक म्हणाले, “बघा, साहेब दमले! आता सोडणार मुंबई!” तो जितका धापा टाकी तितकं हसू वाढत जाई. कारण सोंगच तसं होतं. ते वाईट लोक नव्हते. त्यांना ठाऊक नव्हतं.

भायखळ्याच्या पुलाआधी एका दुकानाच्या छपराची सावली रस्त्यावर पडली होती. ड्यूक तिथं गेला आणि बसला. पोट टेकून, चारी पाय फाकून, मोरीतल्यासारखा. त्याला जे कळायचं ते कळलं होतं.

मागचे थांबले. बंडूदादा पुढून मागं आला. घामानं निथळत होता, आवाज बसला होता.

“काय झालं? उठव त्याला. मागं सगळं अडलंय.”

“चल,” मी म्हटलं. ड्यूक उठला नाही.

“त्याच्या भाषेत सांग ना गं!” बंडूदादा म्हणाला. आसपासचे मोठ्यानं हसले.

मी वाकले. त्याचे डोळे लाल झाले होते आणि जिभेची कड जांभळी. कागदातलं शेवटचं वाक्य मला अक्षरासकट दिसत होतं. मागून लोक रेटत होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मला फक्त एवढंच हवं होतं की त्यांनी माझ्याकडे बघू नये.

“कम,” मी म्हटलं. “कम, बॉय.”

तो उठला. लगेच उठला. पुलाच्या चढावर तो माझ्या बरोबरीनं चाळीस-पन्नास पावलं चालला आणि मग आडवा झाला.

नंतरचं तुकड्या-तुकड्यांनी आठवतं. गुंड्या निघत नव्हत्या, इतक्या घट्ट लावल्या होत्या. छत्रीचं कापड आतून गरम, चिकट. मोर्चाच्या भीतीनं एका गुजराती दुकानदारानं फळ्या लावून घेतल्या होत्या. त्यातली एक फळी हातभर सरकली आणि आतून पाण्याची कळशी आली, मग बर्फाचा मोठा तुकडा. तोंड दिसलं नाही, फक्त हात दिसला. फळी परत लागली. अप्पा धावत आले, हार तसाच गळ्यात. त्यांनी ड्यूकला कडेवर उचललं आणि व्हिक्टोरियात घातलं. परळला जनावरांचा दवाखाना होता. पण परळच्याच रस्त्यावर मोर्चा होता. व्हिक्टोरिया मोर्चाच्या मागून, मोर्चाच्या चालीनं चालली. गाडीवाला घंटा वाजवत होता. पुढून घोषणा येत होत्या आणि त्या आमच्याच वाडीच्या होत्या.

लालबागच्या आसपास अप्पांनी गाडी थांबवायला सांगितली. मग आम्ही नुसते बसून राहिलो. घोड्याच्या शेपटीवर माशा होत्या. अप्पांनी गळ्यातला हार काढून बाजूला ठेवला.

“नलू,” ते म्हणाले, “त्या कागदात ह्याबद्दल काही होतं का गं?”

“नाही,” मी म्हटलं.

*

त्या संध्याकाळी आमच्या घरात कुणी रडलं नाही. रडायचं कसं? नऊ नंबरच्या खिडकीतलं भांडं आमच्या दारातून दिसतं. ज्या चाळीतला वीस वर्षांचा मुलगा गोळीनं गेला, तिथं कुत्र्यासाठी कुणी रडायचं नसतं, हे मला कुणी न सांगता कळत होतं. जिन्यात कुणीतरी म्हणालंही, “माणसं गेली तिथं कुत्र्याचं काय घेऊन बसलात.” ते खरं होतं. 

दिवेलागणीला वसंताची आई आली. हातात झाकलेलं ताट, त्यात मऊ भात आणि मेतकूट. सुतकाच्या घरी शेजारणी आणतात तसं. अप्पांनी घडी केलेला कोट तिच्या हातात दिला. तिनं तो छातीशी धरला.

“मला कुठं ठाऊक होतं गो,” ती आईला म्हणाली. “ते कापड तापतं, हे ध्यानातच आलं नाही. जीव होता तोपण.”

ती स्वतःला दोष देत होती. माझ्यासमोर, माझ्या घरात. मी भात खाल्ला. कुणी पाहू नये म्हणून सगळा खाल्ला.

अप्पा मग मोर्च्यांना गेले नाहीत. वाडीत ते आता आपले होते, लोक त्यांना हाक मारत, जागा करून देत. ते हसून मान हलवत आणि जिना चढत. साखळी दारामागं छत्रीच्या खुंटीवर आहे. गंजू नये म्हणून ते तिला अधूनमधून खोबरेल लावतात.

*

कागद माझ्याकडेच होता. शाळेच्या डिक्शनरीत. आज संध्याकाळी मी तो काढला आणि काकांसाठी मराठीत उतरवला. ह्या वेळी वाक्यं अडली नाहीत. घड्या, जेवण, जिने, पाणी. मांस लिहिलं होतं तसं लिहिलं. आणि ती ओळ. शेवटच्या वाक्यापर्यंत.

अप्पा खुर्चीत बसले होते. “दाखव बघू,” म्हणाले. मी दिलं. त्यांनी चष्मा लावला. ते सावकाश वाचत गेले आणि एका जागी त्यांचं बोट थांबलं.

“हे तेव्हाही होतं?”

“होतं.”

खाली बंडूदादा दिव्यांची कळ दाबून बघत होता. गॅलरीच्या छतावर तांबडा, हिरवा, पुन्हा तांबडा उजेड येत होता. अप्पांनी कागदाची घडी घातली, पाकिटात सरकवली, जिभेनं पाकीट ओलं करून बंद केलं.

“अक्षर चांगलं आलंय तुझं,” ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

*

इथपर्यंत लिहून मी थांबले होते. पुढचं आठ दिवसांनी लिहिते आहे.

तीस तारखेला संध्याकाळी काका टॅक्सीनं आले. काखेत पिल्लू. “पत्र मिळालं गं, पण तोवर मी शब्द देऊन बसलो होतो,” म्हणाले. “आणि ऊन-बिन काय, आपल्याकडे पंखा आहे.” वाडीतली पोरं ओरडत आली, “डुकरू आला! डुकरू परत आला!” त्यातली निम्मी तेव्हा रांगत होती; नाव कुणी सांगितलं असेल?

बंडूदादा शिडीवरून उतरला. पिल्लाच्या डोक्यावरून त्यानं हात फिरवला.

“वा काका! वेळेवर आणलंत. उद्या मिरवणूक आहे, ह्याला पुढं ठेवू. झेंडूची माळ घालू, आनंदाचा दिवस आहे. काय मड्डम?”

“हो हो, घ्या की,” काका म्हणाले.

अप्पा वाडीच्या दिव्याखाली उभे होते.  त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

“नाही,” मी म्हटलं.

“काय?”

“उन्हात न्यायचं नाही त्याला.”

आता काहीतरी होईल, म्हणून मी उभी राहिले. सगळे बघतील, कुणीतरी हसेल, विचारील, कुठं लिहिलंय? बंडूदादानं पिल्लाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

“बरं, राहिलं,” तो म्हणाला आणि शिडीकडे वळला. “अरे ए, ती मधली माळ सैल झालीय, ओढ जरा.”

एवढंच. त्याला एक श्वाससुद्धा लागला नाही.

पिल्लू काकांच्या हातातून उतरून हुंगत हुंगत आलं आणि माझ्या चपलेवर बसलं. मी पाय काढून घेतला.